कर्कपेशीचे पथ्य

मागच्या उन्हाळ्यात आमच्या आत्याने डाळ सोडली. स्तनातल्या गाठीचे निदान होऊन महिना झाला होता. हैदराबादच्या दवाखान्यात औषधोपचार सुरू झाला होता आणि दर तीन आठवड्यांनी देगलूरहून गाडी करून जावे लागत होते. मी भेटायला गेलो तेव्हा ताटात भाकरी, मूठभर भात आणि तिळाची चटणी. वरण नाही, दूध नाही, अंडे तर नाहीच. मी विचारले, तर म्हणाली, "डाळीनं गाठ वाढते म्हणतेत. गाठीला प्रोटीन लागतंय, ते बंद केलं की ती उपाशी मरते." हे कोण म्हणते? तिच्या सुनेने मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लांबलचक मजकूर होता आणि त्यात 'प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे' असे दोनदा लिहिले होते.

एरवी असा मजकूर मी वाचून सोडून दिला असता. पण यात एक अडचण होती. त्यातले वाक्य सरसकट खोटे नव्हते. कर्करोगाच्या पेशींना काही अमिनो आम्ले निरोगी पेशींपेक्षा जास्त लागतात, काही तोडली तर त्या मरतात आणि निरोगी पेशी तग धरतात, हे काचेच्या बशीत खरोखरच दिसलेले आहे. त्यातून निघालेले एक औषध आज जगभरच्या मुलांना वाचवते. मग आत्याचे काय चुकत होते? याचे उत्तर देण्यासाठी मला सत्तर वर्षे मागे जाऊन जुने शोधनिबंध वाचावे लागले. त्या वाचनाचा हा गोषवारा.

आधी बशीबद्दल. शरीरातला ऊतीचा तुकडा काढून, त्यातल्या पेशी सुट्या करून, योग्य द्रवात आणि योग्य उबेत ठेवल्या तर त्या शरीराबाहेरही जगतात आणि वाढतात. याला ऊतिसंवर्धन म्हणतात. आपल्याकडे या विद्येचा पाया एका मराठी बाईंनी घातला. कमल रणदिवे, माहेरच्या कमल समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा, पण मुलगी पेशींकडे वळली. एम.एस्सी.ला त्यांनी अभ्यासले ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींचे पेशीविज्ञान. आमच्या बालाघाटाच्या माळावर सीताफळे वाढलेली पाहताना मला हे नेहमी आठवते. पुढे मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी कर्करोगावर काम केले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

हे गाय म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून 'हेला' हा पेशीवंश वाढवणारे. लॅक्सबाईंना कोणी विचारले नव्हते, सांगितलेही नव्हते. त्या त्याच वर्षी ऑक्टोबरात वारल्या, पण त्यांच्या पेशी अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. गाय पेशींना काय खाऊ घालत होते? कोंबडीच्या रक्तातला द्रव, गाईच्या गर्भाचा अर्क आणि बाळंतिणीच्या नाळेतल्या रक्ताचा द्रव. म्हणजे पेशी वाढत होत्या, पण नेमके काय खाऊन वाढत होत्या हे कोणालाच सांगता येत नव्हते. रणदिवे परतल्या आणि खानोलकरांनी १९५२ मध्ये उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली. देशातली ती पहिली. पेशींचे खाद्य परदेशातून आणत राहणे परवडणारे नव्हते. म्हणून संवर्धनाची माध्यमे आणि लागणारी रसायने इथेच तयार करण्यावर त्यांनी भर दिला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे किती अवघड असेल याची कल्पना, साध्या डिस्टिल्ड वॉटरसाठी धावपळ केलेल्या कुणालाही करता येईल.

पेशीच्या ताटात नेमके काय असावे, हा प्रश्न त्याच काळात अमेरिकेत हॅरी ईगल यांनी हाती घेतला. त्यांची रीत आपल्या स्वयंपाकघरात शोभेल इतकी साधी होती. आधी सगळे जिन्नस घालायचे, मग एकेक जिन्नस वगळून पाहायचे. त्यांनी दोन पेशीवंश घेतले. एक हेला, म्हणजे माणसाच्या कर्करोगाचा. दुसरा उंदराच्या त्वचेखालच्या ऊतीतून आलेला. शर्करा, क्षार, जीवनसत्त्वे आणि अमिनो आम्ले मोजून एकत्र केली. थोडा रक्तद्रव घालावाच लागत होता, पण तो आधी पातळ पडद्यातून गाळून त्यातले लहान रेणू काढून टाकले, म्हणजे चोरवाटेने अमिनो आम्ले येणार नाहीत. मग एका बशीत लायसिन वगळले, दुसरीत ल्युसिन, तिसरीत ट्रिप्टोफॅन. ज्याच्यावाचून पेशी मरत तो आवश्यक. वगळलेला घटक वेळेत परत घातला तर सुकू लागलेल्या पेशी पुन्हा उभारी धरत. फार उशीर झाला की नाही.

१९५५ मध्ये त्यांनी यादी दिली: आर्जिनिन, सिस्टीन, ग्लुटामिन, हिस्टिडिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, लायसिन, मिथिओनिन, फेनिलअ‍ॅलॅनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, व्हॅलिन. एकूण तेरा. आजही बाजारात मिळणाऱ्या ईगलच्या माध्यमाच्या बाटलीवर हीच तेरा नावे असतात.

आता शाळेत शिकलेले आठवा. प्रौढ माणसाला आठ अमिनो आम्ले अन्नातून मिळावी लागतात, असे आपण पाठ केले होते. हा आकडा विल्यम रोझ यांनी विद्यार्थ्यांना मोजून-मापून जेवू घालून काढला होता; पुढे हिस्टिडिन धरून नऊ झाले. मग सुट्या पेशीला तेरा का? कारण एकत्र कुटुंबातला माणूस आणि घर सोडून शहरात खोली घेऊन राहिलेला माणूस यांची बाजाराची यादी सारखी नसते. घरात दळण एक जण आणतो, दुसरा पाणी भरतो, तिसरी लोणचे घालते. शरीरात यकृत फेनिलअ‍ॅलॅनिनपासून टायरोसिन करते आणि मिथिओनिनपासून सिस्टीन. मूत्रपिंड आर्जिनिन करते. स्नायू ग्लुटामिन करून रक्तात सोडतात. बशीतली पेशी एकटी, तिला हे सगळे विकत घ्यावे लागते. 'गरज' ही पेशीची एकटीची गोष्ट नाही, ती कुठे राहते यावरही ठरते. आत्याच्या डाळीचा निवाडा शेवटी याच मुद्द्यावर होणार आहे.

ईगल यांना आणखी एक गंमत दिसली. बशीत पेशी दाटीने असल्या की त्यांना सेरिन बाहेरून लागत नाही, त्या ते स्वतः बनवतात. पण भरपूर द्रवात मोजक्याच पेशी सोडल्या तर त्या सेरिनवाचून मरतात. कारण पेशी बनवतात तितके बाहेर झिरपते. वस्तीत प्रत्येकाचे थोडे सांडलेले शेजाऱ्याच्या कामी येते. माळरानावर एकटे घर असेल तर सांडले ते गेलेच.

पण ज्या प्रश्नासाठी आपण इथे आलो त्याचे काय? कर्कपेशी आणि निरोगी पेशी यांच्या यादीत फरक आहे का? ईगल यांचे उत्तर निराश करणारे होते. माणसाच्या आणि इतर प्राण्यांच्या, निरोगी म्हणवणाऱ्या आणि रोगट अशा अनेक पेशीवंशांची यादी त्यांना साधारण सारखीच आढळली. कर्करोगाचे म्हणून वेगळे खाद्य असेल आणि ते तोडले की काम झाले, ही आशा तिथे फळली नाही. यातला एक खोडसाळ भाग नंतर उघड झाला. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवले की, त्या काळी वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या मानवी पेशीवंशांपैकी कित्येकांत एका विकराचा एकच प्रकार सापडतो, आणि तो हेलाचा आहे. जोमदार हेला पेशी दुसऱ्यांच्या बशीत शिरल्या होत्या आणि मूळ पेशींना त्यांनी केव्हाच हुसकावले होते. निरोगी यकृताच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या 'चँग' पेशी प्रत्यक्षात हेलाच निघाल्या. म्हणजे काही तुलना कर्करोगाची कर्करोगाशीच झाली असणार. तरीही ईगल यांचा मुख्य निष्कर्ष पुढे टिकला, कारण निःसंशय निरोगी अशा ताज्या पेशींनाही ती तेरा लागतातच.

फरक यादीत नव्हता. तो प्रमाणात होता आणि तुटवडा पडल्यावर कोण काय करते यात होता.

प्रमाणाचे सांगतो. ईगल यांच्या माध्यमात बहुतेक अमिनो आम्लांच्या कितीतरी पट ग्लुटामिन घालावे लागते: लिटरमागे २९२ मिलिग्रॅम. झपाट्याने वाढणारी पेशी त्याचा वापर केवळ प्रथिने बांधायला करत नाही. ते सरपण म्हणूनही जाळते आणि जनुकांचे धागे विणायला लागणारा नत्रही त्यातूनच घेते. साहजिकच ग्लुटामिन अडवणारी रसायने करून पाहिली गेली. बशीत ती झकास चालली आणि माणसात भलतीच विषारी ठरली. कारण आतड्याच्या अस्तराला आणि रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही ग्लुटामिन हवेच असते. रक्तात सर्वांत जास्त असणारे अमिनो आम्ल हेच, आणि ते कमी पडू न देण्याची जबाबदारी स्नायूंनी घेतलेली आहे.

आता ज्या एका ठिकाणी ही विद्या खरोखर फळाला आली ती कथा. ती सुरू होते गिनीपिगपासून.

१९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठात जॉन किड यांना दिसले की, लसिकापेशींच्या विशिष्ट गाठी असलेल्या उंदरांना गिनीपिगच्या रक्ताचा निवळ टोचला की गाठी विरघळतात. सशाचा किंवा घोड्याचा निवळ टोचून काही होत नाही. गिनीपिगच्याच रक्तात असे काय आहे? तीन वर्षांनी, अगदी वेगळ्या कामात, न्यूमन आणि मॅकॉय यांनी उंदराच्या वॉकर नावाच्या कर्कपेशी बशीत वाढवताना नोंदवले की, या पेशींना ग्लुटामिनबरोबर अ‍ॅस्परॅजिनही बाहेरून लागते. ईगलच्या तेरांत अ‍ॅस्परॅजिन नाही. बहुतेक पेशी ते घरीच बनवतात. हे दोन धागे जॉन ब्रूम यांनी जोडले. १९२२ साली क्लेमेंटी नावाच्या इटालियन संशोधकाने लिहून ठेवले होते की, गिनीपिगच्या रक्तात अ‍ॅस्परॅजिन फोडणारा विकर असतो. जवळजवळ चाळीस वर्षे त्या नोंदीचा कोणाला काही उपयोग झाला नव्हता. ब्रूम यांनी १९६१ मध्ये मांडले की, गाठी मारणारा घटक तोच आहे: अ‍ॅस्परॅजिनेज.

१९६३ मध्ये त्यांनी केलेला पुरावा मला सर्वांत सुंदर वाटतो. त्याच गाठीच्या पेशी त्यांनी अ‍ॅस्परॅजिन नसलेल्या माध्यमात वाढवल्या. बहुतेक मेल्या. थोड्या उरल्या, त्या अ‍ॅस्परॅजिनवाचून जगायला शिकल्या. त्या उंदरात घालून गिनीपिगचा निवळ टोचला, तर त्यांना काहीच झाले नाही. अ‍ॅस्परॅजिनची गरज गेली तशी औषधाची धारही गेली. म्हणजे औषध नेमके त्या गरजेवरच मारा करत होते. त्याच प्रयोगात पुढच्या संकटाचीही सूचना होती: उपाशी ठेवलेली कर्कपेशी स्वयंपाक शिकू शकते. आज उपचारादरम्यान रोग उलटतो तेव्हा अनेकदा हेच झालेले असते.

गिनीपिगच्या रक्तातून माणसापुरते औषध काढणे अशक्य होते. १९६४ मध्ये मॅशबर्न आणि रिस्टन यांनी दाखवले की, आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूतून मिळणारा हाच विकरही तसाच परिणाम करतो, आणि मोठ्या प्रमाणावर औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. १९६६ मध्ये रक्ताचा कर्करोग असलेल्या एका मुलाला ते दिल्याचे वृत्त छापून आले. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला रीतसर परवाना मिळाला. तीव्र लसिकापेशीय रक्तकर्करोगाच्या पेशी अ‍ॅस्परॅजिन बनवणारे यंत्र जवळजवळ बंद ठेवतात आणि रक्तातल्या साठ्यावर जगतात. विकर तो साठा संपवतो. इतर पेशी घरी बनवून भागवतात. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या मध्यात मुंबईचे टाटा, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी मुलांसाठी एकच उपचारक्रम स्वीकारला, त्यातही हे औषध होते. आज चांगल्या केंद्रात वेळेवर पोहोचलेल्या अशा दहा मुलांपैकी आठ किंवा अधिक मुले बरी होतात. अर्थात ते श्रेय अनेक औषधांचे एकत्रित, पण त्यातले एक असे आहे की जे कर्कपेशीचे ताटच काढून घेते.

जाता जाता: अ‍ॅस्परॅजिन हे शोधले गेलेले पहिले अमिनो आम्ल. १८०६ साली पॅरिसमध्ये वोक्लॅं आणि रोबिके यांनी अ‍ॅस्परॅगस नावाच्या भाजीच्या रसातून ते काढले, म्हणून हे नाव. आपली शतावरी त्याच कुळातली. आत्याच्या घरी कोणीतरी शतावरीची पावडरही आणून दिली होती. त्यामुळे एकाच कपाटात कर्करोगाला उपाशी मारण्याचा सल्ला आणि अ‍ॅस्परॅजिनची मावसबहीण शेजारी-शेजारी नांदत होती. पावडरीने तिचे काही बिघडले असते असे मी म्हणत नाही. गंमत एवढीच.

पेशीचे अन्न तोडून रोग मारण्याची कल्पना याच्याही आधीची आहे, आणि तिचा उगम अंशतः मुंबईतच आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायांच्या पंडुरोगाचा अभ्यास करायला. यीस्टच्या अर्काने तो रोग बरा होतो हे त्यांनी दाखवले. त्या अर्कातला घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते आणि त्याच्यासारखी दिसणारी फसवी रसायने बनवली. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ती फसवी रसायने रक्तकर्करोग झालेल्या मुलांना दिली आणि रोग काही काळ मागे हटला. गिरणी कामगार बायांना जे खाऊ घालून वाचवले, तेच कर्कपेशीपासून हिरावून मुलांना वाचवण्याचा प्रयत्न झाला.

दुसरे उदाहरण मिथिओनिनचे, आणि तेच आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमागे असावे. मिथिओनिनऐवजी बशीत त्याचा कच्चा माल, होमोसिस्टीन, घातला तर निरोगी पेशी त्यापासून मिथिओनिन बनवून वाढतात. अनेक कर्कपेशी वाढत नाहीत. हे १९७४ मध्ये हाल्पर्न आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. सगळ्यांना वाटले, कर्कपेशीचे यंत्र मोडले असेल. १९७६ मध्ये हॉफमन आणि अर्ब यांनी मोजून पाहिले, तर उलटेच. कर्कपेशी मिथिओनिन भरभरून बनवत होत्या आणि तरीही त्यांना पुरत नव्हते. मिळकत चांगली, पण खर्चच बेसुमार. मिथिओनिनचा एक तुकडा जनुकांवर आणि इतर रेणूंवर चिकटवण्याचे काम कर्कपेशीत फार जोरात चालते, तिथे ते खपते, असा त्याचा अर्थ लावला जातो. मिथिओनिन कमी केलेल्या खाद्यावर उंदरांतल्या गाठी मंदावतात, हेही दिसले आहे. माणसात मात्र त्यावर उभा राहिलेला मान्य उपचार आज नाही.

तिसरे आर्जिनिन. इथे एक धडा अपघाताने मिळाला. मायकोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जिवाणू पेशींच्या बशीत गुपचूप शिरतात, द्रव गढूळही होत नाही. त्यांच्यातल्या काही जाती आर्जिनिन फस्त करतात. पेशी मरतात आणि संशोधकाला वाटते आपले औषध लागू पडले. या त्रासदायक पाहुण्याचा तोच विकर पुढे औषध म्हणून घेतला गेला. निरोगी पेशी आर्जिनिन संपले की काम थांबवून स्वस्थ बसतात, दुष्काळात पेरणी न करणाऱ्या शहाण्या शेतकऱ्यासारख्या. कर्कपेशीचे लगाम तुटलेले असल्याने ती पेरतच राहते आणि त्यात संपते. बशीत हा फरक फार ठळक दिसतो. रुग्णांत? यकृताच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, आयुष्य वाढले नाही. फुप्फुसाच्या आवरणाच्या एका दुर्मीळ कर्करोगात नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिल्यावर मध्यम आयुर्मान ७.७ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर गेले. ते २०२४ मध्ये छापून आले. दीड महिना. ज्याच्या घरात हा रोग आहे त्याला दीड महिन्याची किंमत ठाऊक असते, म्हणून मी या आकड्याला हसत नाही.

बशी आणि शरीर यांत इतके अंतर का पडते? एक कारण बशीतल्या द्रवातच आहे. ईगल यांचे माध्यम पेशी वाढाव्यात म्हणून केलेले, रक्ताची नक्कल म्हणून नव्हे. २०१७ मध्ये अमेरिकेत मानवी रक्ताशी मिळतेजुळते माध्यम तयार करण्यात आले, तेव्हा त्याच पेशी वेगळ्या वागू लागल्या. काही औषधांचा परिणामही बदलला. साठ वर्षे आपण जंगलातल्या प्राण्याची सवय पिंजऱ्यातल्या खाद्यावरून ठरवत होतो, असे म्हटले तर अगदी अन्यायाचे होणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवंश पुरवले जातात. त्या पेशी कोणत्या द्रवात वाढवल्या, हा प्रश्न आता निष्कर्ष वाचताना विचारावाच लागतो.

दुसरे कारण मोठे आहे. बशीतून लायसिन वगळले की ते शून्य होते. ताटातून डाळ वगळली की रक्तातले लायसिन शून्य होत नाही. शरीर ते होऊच देत नाही. दंड, मांड्या, पिंढऱ्या यांतली प्रथिने मोडून ते रक्तात अमिनो आम्ले सोडते. ग्लुटामिन, अ‍ॅस्परॅजिन यांसारखी तर ते स्वतः बनवतेही. अ‍ॅस्परॅजिनेज चालते ते रक्तात बसून चोवीस तास अ‍ॅस्परॅजिन फोडत राहते म्हणून. पथ्याने ते कधीच साधले नसते. आणि त्या औषधालाही किंमत द्यावी लागते: स्वादुपिंडाचा दाह, रक्ताच्या गुठळ्या, यकृताची तक्रार, कारण निरोगी पेशींवरही ताण येतोच. रोग्याने डाळ सोडली तर गाठीचे जेवण थांबत नाही. ते रोग्याच्या स्नायूंतून पुरवले जाते. कर्करोग पुष्कळदा स्वतःच स्नायू झिजवतो, त्यात आपण भर घालतो.

आत्याचे ताट मी वहीत मांडले. दिवसाची दीड भाकरी, म्हणजे ऐंशी ग्रॅम ज्वारी: आठ ग्रॅम प्रथिने. मूठभर तांदूळ: चार. तिळाची चटणी: दोन. एकूण चौदा ग्रॅम. तिचे वजन तेव्हा ४६ किलो. कर्करोगाच्या रुग्णांसाठी युरोपातल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे, वजनाच्या दर किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिने आणि जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत. म्हणजे ४६ ते ६९ ग्रॅम. ती तिसऱ्या हिश्श्यावरही नव्हती. त्यातही ज्वारीत लायसिन कमी, ते भरून काढते तुरीची डाळ. आणि डाळीत मिथिओनिन कमी, ते भरून काढते ज्वारी. भाकरी आणि वरण हा जोड आमच्या भागात कोणी शोधनिबंध वाचून लावलेला नाही. सगळ्यात विनोदी भाग असा की, मिथिओनिन तोडायचे हाच त्या मजकुराचा हेतू असेल, तर डाळीत ते मुळातच थोडे असते. भरपूर असते तिळात. आत्या डाळ सोडून तिळाची चटणी खात होती.

हे सगळे मी तिला सांगितले का? नाही. तेरा अमिनो आम्लांची नावे ऐकायला ती बसली नसती. मी वहीतला चौदाचा आकडा तिच्या मुलाला दाखवला आणि पुढच्या खेपेला तो डॉक्टरांना दाखवायला सांगितला. त्या खेपेला तिचे वजन आणखी दोन किलोंनी उतरलेले होते आणि रक्ताचे आकडे पाहून औषधाची पाळी दोन आठवडे पुढे ढकलण्यात आली. डॉक्टरांनी आहाराचा कागद लिहून दिला: वरण दोन वेळा, दूध, दही, अंडे चालत असेल तर अंडे. घरात यावर वाद झाला. सुनेचे म्हणणे होते की, डॉक्टर सगळ्यांना तेच लिहून देतात. तिचे अगदी चूक नव्हते. सगळ्यांना तेच लागते.

कमल रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याआधी १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी केली होती. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जाऊन आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत होत्या. बशीतल्या पेशींना काय खाऊ घालावे यावर आयुष्य घालवलेली बाई म्हातारपणी मुलांचे कुपोषण मोजत होती. २००१ मध्ये त्या वारल्या.

आत्याने पहिल्या दिवशी अर्धी वाटी वरण घेतले. तिळाची चटणी मात्र तिने सोडली नाही, आणि मीही सोड म्हणालो नाही.